प्रबंध राहतो, त्यामागचा डेटा जातो

मा. संपादक,
स. न.

पीएचडीचा प्रबंध शोधगंगेसाठी, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी, दिल्याशिवाय आता पदवी मिळत नाही. यूजीसीच्या २०१६च्या नियमांनी हे बंधन घातले, ते चांगलेच झाले. पण तिथे जाते ती प्रबंधाची पीडीएफ. ज्या मोजमापांवर, मुलाखतींवर, ध्वनिमुद्रणांवर प्रबंध उभा असतो, ती सगळी सामग्री विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये राहते आणि लॅपटॉपबरोबर संपते. गोव्यात ग्रंथपाल म्हणून सारी नोकरी केल्यावर मला सर्वांत जास्त खंत याची वाटते.

२०१२ साली खाणी बंद होण्याआधी डिचोली आणि सांगे भागातल्या विहिरींची पातळी मोजणारा एक विद्यार्थी आमच्याकडे संदर्भ शोधायला येत असे. प्रबंधात त्याने सरासरीचे तक्ते दिले. पुढे एका मुलीला खाणी थांबल्यावर पाण्यात काय फरक पडला ते तपासायचे होते. तिला सरासरी नको होती, एकेका विहिरीची तारीखवार नोंद हवी होती. तो विद्यार्थी परराज्यात नोकरीला, संस्थेने दिलेला त्याचा ईमेल बंद, मार्गदर्शक निवृत्त. विहिरी जागच्या जागी आहेत, पण २०११चा मे महिना आता कोणी कसा मोजायचा?

फाइल सापडली तरी ती उघडेलच असे नाही. धालो आणि फुगडी या बायकांच्या नाचांची गाणी कुणीतरी मांडावर, म्हणजे ती जिथे म्हटली जातात त्या जागी बसून, बायकांकडून ऐकून टाइप केलेली असतात, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. आजच्या संगणकावर तिथे नुसती चिन्हे दिसतात. गाणाऱ्या कितीतरी बाया आज हयात नाहीत.

हे जपण्याचे काम ग्रंथालयाने करावे, असे बैठकांत ठरते. कोणी करावे, हे ठरत नाही. आमच्याकडची पदे पुस्तकांची देवघेव आणि सूची यांच्या हिशेबाने मंजूर झालेली. त्यातलीही काही रिकामी. सर्व्हरची जागा मागितली की संगणक विभागाकडे बोट, निधी मागितला की प्रशासनाकडे. मार्गदर्शकांना वाटते, डेटा दिला तर दुसराच कोणी त्यावर आधी लेख छापील. ही भीती खोटी नाही. त्यासाठी दोन-तीन वर्षे डेटा बंद ठेवून मग खुला करण्याची सोय असते; डीओआय, म्हणजे त्या डेटाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, दिला की श्रेयही मूळ संशोधकाकडेच राहते. पण हे समजावून सांगायला त्या विषयातले शिक्षण घेतलेला माणूस लागतो. मुलाखतींचा प्रश्न आणखी नाजूक. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर संमतीपत्र कसे घ्यावे, नावे कशी काढावीत, हे विद्यार्थी ग्रंथपालालाच विचारतात आणि ग्रंथपालाला ते कोणी शिकवलेले नसते.

आपल्याकडे याची परंपरा नाही असे मात्र नाही. दोना पावलची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ साली उभी राहिली ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून. त्या मोहिमेच्या नोंदी नीट राखल्या गेल्या, म्हणूनच आजच्या समुद्राची त्या समुद्राशी तुलना करता येते. मग खाजन म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीतल्या खारेपणाच्या, त्या बांधाच्या मानशीवरच्या म्हणजे पाण्याच्या दारावरच्या मासळीच्या, गावोगावच्या बोलींच्या नोंदींना तशी जागा का नसावी? ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. जगभरची नियतकालिके विद्यार्थ्यांना वाचायला मिळतात, याचा मला आनंद आहे. आपल्या मुलांनी उन्हापावसात फिरून जमवलेले राखण्यासाठी याचा छोटा अंश तरी वेगळा काढायला हवा.

राज्याच्या उच्च शिक्षण खात्याला माझी विनंती आहे. संशोधन चालणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या ग्रंथालयात डेटासाठी एक कायम पद निर्माण करावे. कंत्राटी नको, कारण फाइल कुठे आणि कशी ठेवली हे कंत्राटी माणसाबरोबर निघून जाते. प्रबंध स्वीकारतानाच मूळ नोंदी आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे एक पान जमा करून घ्यावे. निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांत जुन्या सीडी, पेनड्राइव्ह पडून आहेत. गोव्याच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते, तेव्हा त्या आधी मागवाव्यात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून वाचून तपासायला माझ्यासारखे निवृत्त ग्रंथपाल मानधनाशिवाय बसायला तयार आहेत. फक्त बसायला जागा आणि कामाचा लेखी आदेश द्यावा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, फोंडा