जुन्या पोस्टकार्डांतील नाशिक

महोदय,

आमच्या पंचवटीतील घराची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत जुन्या चित्रांच्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा सापडला. त्यांतील एका कार्डावर गोदावरीचा घाट आहे, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी आहेत आणि मागे नारोशंकराच्या मंदिराचे शिखर आहे. पाठीमागे आजोबांनी शाईने लिहिले आहे, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आले, आम्ही सुखरूप आहोत.’ पुराची उंची नदीपात्रातील या मारुतीच्या मूर्तीवरून सांगण्याची रीत आजही टिकून आहे, त्यामुळे ते एक वाक्य वाचताच सारे घर थबकले.

भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले, आणि ज्या शहरातील नाशिकरोडच्या मुद्रणालयात देशाची टपाल तिकिटे छापली जातात, त्या शहरातच अशी कार्डे रद्दीत जावीत, याचे मला फार वाईट वाटते. चित्राइतकाच मागचा मजकूर मोलाचा असतो. म्हणून कार्डे चिकटवहीत डकवू नयेत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि घाट, वाडा वा गल्ली ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून माहिती आताच लिहून घ्यावी.

१८४० पासून वाचकांची सेवा करणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाने नाशिककरांकडील अशा कार्डांचे प्रदर्शन भरवावे, अशी माझी विनंती आहे. आमचा गठ्ठा मी आनंदाने देईन.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक