अक्कलकोट रोडवरच्या दादांचे आणि मावशींचे आभार

अक्कलकोटहून परतताना सोलापुरात आमच्या कॅराव्हॅनच्या कमोडखालचा फ्लँज, म्हणजे कमोड खालच्या मैल्याच्या टाकीला जोडणारं प्लास्टिकचं कडं, तडकला. सोबत गुडघ्यांनी अधू झालेले अण्णा. त्यांना गाडीतलाच संडास सोयीचा.

त्या प्लंबर दादांनी रिकाम्या टाकीवरचा कमोड उचलला, आट्यांतून जुना फ्लँज फिरवून काढला, कडा घासून स्वच्छ केल्या. एवढ्या घाणीतही कपाळावर आठी नाही! नवा तीन इंची फ्लँज, नवं रबरी सील. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. "एकदम आवळलं की प्लास्टिक परत तडकतंय बघा." मग पाणी सोडून, खाली कोरडा कागद धरून गळती तपासली.

तोवर शेजारच्या मावशींनी अण्णांना घरात नेलं, कडक भाकरी नि शेंगाचटणी वाढली. गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. दादा, मावशी, मनापासून आभार. अण्णा रोज तुमची आठवण काढतात.