हेड ड्रम बदलल्यापासून जुन्या कॅसेट लागत नाहीत

इंदूर, दि. १२ जानेवारी २०११

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (व्हिडिओ कॅमेरा विभाग)

विषय: मिनी-डीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमकॉर्डरच्या चुकीच्या दुरुस्तीबाबत तीन ग्राहकांची एकत्र तक्रार. (रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह)

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर सत्तावीस मिनिटे गेली. हा पाचवा फोन. आता फोन करणार नाही, लेखीच बोलू.

आम्हा तिघांकडे तुमचा तळहातावर मावणारा एकाच मॉडेलचा कॅमकॉर्डर आहे. जॉब कार्ड आणि बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, त्यावरून मॉडेल आणि सीरियल नंबर कळतील. यातला पहिला आणि दुसरा कॅमेरा ऑगस्ट २०१० मध्ये तुमच्या इथल्या अधिकृत सेवा केंद्रात दिला होता. दोन्हींचा हेड ड्रम, म्हणजे टेप वाचणारे-लिहिणारे हेड बसवलेला फिरता दंडगोल, बदलला. प्रत्येकी ७,४०० रुपये रोख घेतले. तिसरा कॅमेरा अजून एकदाही उघडलेला नाही आणि या तक्रारीतला आमचा साक्षीदार तोच आहे.

दुरुस्तीनंतर काय होते ते नेमके लिहितो, कारण तुमच्या माणसांनी ते पाच वेळा ऐकून पाच वेळा वेगळेच लिहून घेतले. पहिल्या कॅमेऱ्यात जुन्या कॅसेट घातल्या की आवाज तुटतो. दोन सेकंद येतो, एक सेकंद जातो. चित्र बऱ्यापैकी दिसते, मधूनमधून चौकटी उमटतात. दुसऱ्या कॅमेऱ्यात आवाज ठीक, पण चित्रात चौकटी पसरतात आणि टाइमकोड (टेपवरची तास-मिनिट-सेकंदांची मोजणी) थांबतो, पुढे उडी मारतो. मात्र दुरुस्तीनंतर पहिल्यात भरलेली कॅसेट पहिल्यात स्वच्छ लागते आणि दुसऱ्यात भरलेली दुसऱ्यात. पहिल्याची दुसऱ्यात नाही, दुसऱ्याची पहिल्यात नाही, आणि या दोघांची तिसऱ्यातही धड नाही. तिघांच्याही जुन्या कॅसेट तिसऱ्या कॅमेऱ्यात आजही पहिल्या मिनिटापासून साठाव्या मिनिटापर्यंत एकही चौकट न येता लागतात.

याला 'टेप खराब झाली' म्हणतात का?

तुमच्या केंद्राने जॉब कार्डवर तेच लिहिले आहे: 'ग्राहकाच्या कॅसेट जुन्या, कॅमेरा तपासून ठीक.' कसा तपासला, हे आम्ही काउंटरवर विचारले. नवी कॅसेट घातली, दोन मिनिटे रेकॉर्ड केले, मागे घेऊन बघितले. म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः लिहिले आणि स्वतःच वाचले. वाकड्या पट्टीने रेघ ओढून त्याच पट्टीने तपासली तर ती सरळच दिसणार. या चाचणीने काहीही सिद्ध होत नाही, हे टेपच्या यंत्रावर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

मिनी-डीव्हीची टेप ६.३५ मिमी रुंद. तिच्यावर तिरके ट्रॅक लिहिले जातात आणि एसपी या नेहमीच्या वेगात एका ट्रॅकची रुंदी १० मायक्रॉन असते. ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो, त्यावर दोन हेड, म्हणजे सेकंदाला ३०० ट्रॅक. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला १२ ट्रॅक, हिशेब तिथेच जुळतो. टेप ड्रमवर किती उंचीवरून चढते आणि किती उंचीवरून उतरते हे दोन बाजूंचे गाइड रोलर ठरवतात. ड्रम बदलला की हे रोलर पुन्हा बसवावेच लागतात. त्यासाठी प्रमाणित अलाइनमेंट टेप (अचूक ट्रॅक भरलेली नमुन्याची टेप) लावून हेडचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बघायचा आणि ट्रॅकच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो सपाट येईपर्यंत रोलर किंचित किंचित फिरवायचा. दुरुस्तीचा खरा भाग हाच. ड्रम काढणे-घालणे हे स्क्रूचे काम आहे.

आणि चूक कुठे आहे तेही लक्षणांवरून दिसते. डीव्हीच्या प्रत्येक ट्रॅकवर आधी आयटीआय नावाचा छोटा भाग असतो, मग आवाज, मग चित्र आणि शेवटी टाइमकोड ठेवणारा सबकोड. पहिल्या कॅमेऱ्यात आवाज आधी जातो, म्हणजे हेड ट्रॅकच्या सुरुवातीलाच वाटेवर नाही, टेप चढते त्या बाजूचा गाइड बघावा. दुसऱ्यात टाइमकोड जातो, म्हणजे बिघाड ट्रॅकच्या शेवटाकडे, उतरत्या बाजूला. दोन कॅमेरे, एकच केंद्र, एकच महिना आणि दोघांची चूक उलट टोकांना. दोन्ही एकाच अलाइनमेंट टेपवर जुळवले असते तर निदान एकमेकांच्या कॅसेट तरी त्यांनी वाचल्या असत्या. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की त्या केंद्रात अलाइनमेंट टेप लावलीच गेली नाही. लावली असेल तर तिचा नंबर आणि त्या दिवसाची नोंद पाठवा.

हेड घाण झाले, हे दुसरे उत्तरही आम्हाला दोनदा मिळाले. घाणीचे लक्षण वेगळे असते. दोनपैकी एक हेड बुजला की एकाआड एक ट्रॅक जातो. पालच्या ५७६ ओळींचे ४८-४८ ओळींचे बारा आडवे पट्टे पडतात, एक पट्टा हलतो, त्याखालचा गोठलेला राहतो. असे पट्टे आमच्याकडे एकदाही आलेले नाहीत. तरी हेल्पलाइनवरून सांगण्यात आले की क्लीनिंग कॅसेट घाला आणि 'पूर्ण चालवा'. महोदय, कोरडी क्लीनिंग कॅसेट हेड घासते. ती एका वेळी दहा सेकंदच चालवायची असते, एवढी सूचना कॅसेटच्या वेष्टनावरही असते. तुमच्या सांगण्यावरून कोणी ती शेवटपर्यंत चालवली तर चांगला ड्रम झिजेल, आणि नव्या ड्रमचे पैसे पुन्हा तुम्हीच घ्याल.

आणखी एकाने आवाजाची सेटिंग १२ बिटवरून १६ बिटवर करायला सांगितले. ती सेटिंग रेकॉर्डिंगच्या वेळची आहे. भरलेल्या कॅसेटला तिचा काही उपयोग नाही.

आता कालचा फोन. तो सविस्तर लिहितो, कारण तुम्ही रेकॉर्डिंग ठेवता असे सुरुवातीला सांगता. ते काढून ऐका.

आधीच्या चारही तक्रारींचे क्रमांक दिले. पलीकडच्या मुलाने विचारले, मेमरी कार्ड किती जीबीचे आहे? सांगितले, हा टेपचा कॅमेरा आहे, चित्रण कॅसेटवर होते, कार्ड फक्त फोटोंसाठी. तो म्हणाला, मग कार्ड फॉरमॅट करून बघा. पुन्हा समजावले. त्याने विचारले, यूएसबीने कॉम्प्युटरवर घेता येते का? या मॉडेलची यूएसबी कार्डातले फोटो आणि वेबकॅमसारखे बारीक चित्र एवढेच देते, टेपवरचे मूळ चित्रण चार पिनांच्या डीव्ही सॉकेटमधून फायरवायर केबलनेच निघते, हे तुमच्याच माहितीपुस्तकात छापले आहे. ते आम्ही त्याला वाचून दाखवले. मग तिसऱ्यांदा प्रश्न आला, कार्ड किती जीबीचे?

त्या मुलाचा राग नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवला असेल तो तो वाचत होता, आणि त्याला टेपचा कॅमेरा कधी दाखवलाही नसेल. राग पुढच्या माणसाचा आहे. 'सुपरवायझरशी बोला' म्हणून फोन पुढे दिला. अकरा मिनिटे संगीत ऐकवले. सुपरवायझरला पहिला, दुसरा, तिसरा कॅमेरा, कोणती कॅसेट कशात लागते, सगळे सांगितले. त्याने मध्ये एकदाही काही विचारले नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "सर, टीवी पर चला दीजिए और सामने से मोबाइल से शूट कर लीजिए।" जी कॅसेट कॅमेऱ्यात वाचलीच जात नाही ती टीव्हीवर कुठून दिसणार? हे विचारले तर उत्तर आले, "इतनी पुरानी चीज़ का आप करेंगे क्या? नया ले लीजिए, एक्सचेंज में देख लेंगे।"

पुरानी चीज़! हा कॅमेरा तुम्ही आम्हाला २००६ साली विकला. सात हजार चारशे रुपये तुम्ही पाच महिन्यांपूर्वी घेतले, तेव्हा तो जुना नव्हता? एस्टिमेट काढताना जुना नव्हता? तिसऱ्या कॅमेऱ्यात स्वच्छ लागणाऱ्या कॅसेटला जुनी म्हणायचे आणि बिघडवून दिलेल्या कॅमेऱ्याला 'तपासून ठीक' म्हणायचे, हा न्याय कोणता? त्या कॅसेटवर काय आहे हे त्याने विचारले नाही. रामबागेतल्या गणेशोत्सवात झालेल्या एकांकिका आहेत, घरातल्या बैठकीत गायलेली नाट्यपदे आहेत. त्यातली काही माणसे आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. तो मोबाइलने टीव्हीवरून टिपायचा, असे कंपनीचा सुपरवायझर सांगतो.

केंद्राने तोंडी आणखी एक सबब सांगितली, रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) गुलाल आत गेला असेल. राजवाड्यासमोर गुलाल कसा उडतो हे आम्हाला इंदूरमध्ये राहून माहीत आहे, म्हणूनच तिथे कॅमेरा रेनकव्हरमध्ये असतो आणि कॅसेट रस्त्यात बदलत नाही. शिवाय दुरुस्ती ऑगस्टमधली, रंगपंचमी त्याच्या पाच महिने आधीची. गुलाल आत असता तर ड्रम बदलताना तुमच्याच कारागिराला दिसला असता. जॉब कार्डवर त्याचा उल्लेख नाही.

यापुढचे जास्त महत्त्वाचे आहे, कृपया वाचून मगच कोणाला कॅमेऱ्याला हात लावू द्या. दुरुस्तीनंतर पहिल्या कॅमेऱ्यात नऊ आणि दुसऱ्यात पाच कॅसेट भरल्या आहेत. या चौदा कॅसेट चुकीच्या जुळणीने लिहिल्या गेल्या आहेत. उद्या तुम्ही गाइड बरोबर बसवलेत तर जुन्या कॅसेट लागतील आणि या चौदा कायमच्या अडतील. म्हणून आधी ज्या कॅमेऱ्यात जी भरली त्याच कॅमेऱ्यातून ती फायरवायरने कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, गाइड त्यानंतर. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो आणि डीव्ही-एव्हीआयची फाइल साधारण १३ जीबीची होते, म्हणजे चौदांना १८२ जीबी. हार्ड डिस्क आम्ही देऊ. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, फॅट-३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीला फाइल तुटते. एमपेगमध्ये दाबून लहान करून देऊ नका, मूळ डीव्हीच हवे.

उतरवून झाल्यावर दोन्ही कॅमेरे अलाइनमेंट टेपवर जुळवा, आणि तिसऱ्या कॅमेऱ्यावर भरलेली कॅसेट आमच्यासमोर त्यांत लावून दाखवा. पुन्हा सांगतो, त्याच कॅमेऱ्यात भरलेली नव्हे. हे काम त्या केंद्रात होणार नसेल तर जिथे ऑसिलोस्कोप आणि टेप आहे तिथे पाठवा, येण्याजाण्याचा खर्च तुमचा. दोन्ही दुरुस्त्यांचे मिळून १४,८०० रुपये परत करा. पैसे चुकीच्या जुळणीचे घेतले आहेत, ते तुमच्याकडे राहू शकत नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक मंचात तिघे मिळून तक्रार दाखल करू. दोन वर्षांची मुदत आहे, आम्ही दोन महिनेही थांबणार नाही. तिन्ही कॅमेरे आणि कॅसेट मंचासमोर लावून दाखवायला वीस मिनिटे पुरतील.

तुमच्या कंपनीचे नाव बघून आम्ही हा कॅमेरा घेतला होता आणि बाकीच्यांनाही घ्यायला सांगितले होते. ते सांगितल्याचे आता वाईट वाटते.

आपले,
तीन ग्राहक, इंदूर
(सह्या, पत्ते आणि सीरियल नंबर सोबतच्या कागदावर)

ता. क. काढलेले जुने ड्रम आम्हाला परत मिळालेले नाहीत. मागितल्यावर 'कचऱ्यात गेले' असे सांगण्यात आले. ते खरोखर झिजले होते की नाही हे आता आम्हाला कधीच कळणार नाही, तेव्हा बदललेला प्रत्येक भाग ग्राहकाच्या हातात द्यावा, असे त्या केंद्राला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत आम्हाला पाठवा.