रविवारच्या आधी

मिरज, मंगळवार

चि. मिलिंद,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून दोनदा नंबर लावला आणि कापला. म्हणून लिहायला बसले. वाजवताना भीती वाटू नये म्हणून तू आणलेल्या त्या गोळीचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

रविवारी हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर वाजवणार आहेस, याचा आनंद फोनवर सांगायचाच राहिला. इंग्लंडात तुझ्या लीड्सला 1963 पासून पियानोची एवढी मोठी स्पर्धा होते, जगभरातली तयारीची पोरं येतात, आणि त्याच गावात माझा मुलगा चाळिशीत पहिला धडा घ्यायला बसला. कुसुमताईंना मी हे दोनदा ऐकवलंय.

पण मिलिंद, दमा असलेल्याला ती गोळी, प्रोप्रॅनोलॉल, चालत नाही रे. श्वासनळ्या आवळल्या जातात. बाबांना रक्तदाबासाठी लिहून देताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. आणि तू ती ओळखीच्या कुणाकडून मागून आणलीस! सहावीपर्यंत किती रात्री तुला उशांना टेकवून बसवलंय मी. आता दमा नाही म्हणतोस. मग थंडीत पंप कशाला लागतो?

काढलाच विषय. राहवत नाही.

खरं बोलायचं ते वेगळंच आहे. चौथीत असताना गणपतीत अप्पांच्या पेटीवर बसलास आणि अंतरा विसरलास. मी दुसऱ्या रांगेतून उठून हातवारे केले. घरी येताना बोळात म्हणाले, "सगळ्यांसमोर घालवलीस." तू माझं बोट सोडून पुढे चालत गेलास. त्यानंतर पेटीला हात लावला नाहीस. अप्पा मला काही बोलले नाहीत, पेटीवर खोळ घालून ठेवली. तुझे हात गार पडतात, पेडलवरचा पाय लटपटतो असं सांगितलंस, तेव्हा मला तो बोळच आठवला. माझं चुकलं होतं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

म्हणून त्या तुझ्या आठजणांचं मला फार वाटतं. दर महिन्याला एकमेकांच्या घरी जमायचं, एकमेकांसमोर वाजवायचं, चुकलं तरी कुणी मान हलवायची नाही, मग चहा. त्या निवृत्त नर्सबाई मध्येच थांबून रडल्या, तेव्हा एकजण नुसती खुर्ची ओढून पानं उलटायला शेजारी बसली, हे तू सांगितलंस तेव्हा माझेही डोळे भरले. आमच्या भजनी मंडळातही कुणाची ओळ हरवली की शेजारची उचलते, तोवर हिला आठवतं. पहिल्या महिन्यात तुझा पाय शेवटपर्यंत थरथरत होता, आता चार मापांत, तुमच्या त्या चार 'बार'मध्ये, थांबतो म्हणालास. हे त्या माणसांमुळे झालं, मिलिंद, आठ महिने त्यांच्यासमोर बसत राहिलास म्हणून. तेव्हा कुठे होती गोळी?

पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. हॉल मोठा आहे, भीती तुला वाटणार आहे, मला नाही.

तू पाठवलेलं बाखचं प्रील्यूड मी अप्पांच्या पेटीवर काढलं. सा ग प सां गं, प सां गं. शेवटाकडे आठ मापं खाली नुसता पंचम धरून ठेवलाय ना, तिथे तू घाई करतोस. तिथे मला अप्पांचा तानपुरा ऐकू येतो. त्या पंचमावर निवांत बस. कुणी उठून जाणार नाही.

तुझे चार म्हणजे आमचे साडेआठ. देवापुढे दिवा लावून बसते. वाजवून झाल्यावरच फोन कर, आधी नको, मी काहीतरी बोलून बसेन.

डॉक्टरांना मात्र उद्याच विचार. 'विचारलं' एवढा एकच शब्द पाठव. आणि पंप खिशात असू दे.

तुझी,
आई