पूल बांधू द्या, मोडूही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलचे रंगवलेले पूल हमखास दिसतात. खाली निळ्या कागदाची नदीही असते, परंतु त्या पुलावर वजन ठेवून पाहण्याची मुभा मुलांना क्वचितच मिळते. पुलांच्या कामांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे फार वाईट वाटते, कारण पुलाकडून शिकण्यासारखे जे काही आहे, ते भार वाढू लागल्यावरच दिसू लागते.

आइसक्रीमच्या चार काड्या टोकांना टाचण्यांनी जोडून केलेला चौकोन बोटाच्या धक्क्याने कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. भूमितीत मुले ‘बाबाबा’ कसोटी पाठ करतात. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही, हाच तिचा अर्थ आहे आणि रेल्वेच्या लोखंडी पुलांचे सांगाडे त्यावरच उभे आहेत. कोणत्या काडीवर ताण आहे आणि कोणत्या काडीवर दाब, हे पाहायचे असेल तर एक काडी काढून तिच्या जागी दोरा बांधावा. पूल टिकला तर तेथे ताण होता. दोरा सैल पडून पूल खचला तर दाब होता. हे एकदा हाताने केलेले मूल विसरत नाही.

दोन बाकांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर ठेवून, सर्व गटांना मोजून सारख्याच काड्या द्याव्यात आणि पुलाला टांगलेल्या बादलीत मगाने वाळू ओतत जावी. बहुधा काडी तुटत नाही, सांधा सुटतो. तो कुठे सुटला याची नोंद करून मुलांनी दुसरा पूल बांधावा, आणि गुण त्या नोंदीला व दुसऱ्या पुलाला द्यावेत, ही माझी शाळांना कळकळीची विनंती आहे. २०१६ पासून काही शाळांना अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या सरकारी योजनेतील प्रयोगशाळा) मिळाल्या आहेत, त्यांचा उपयोग जरूर व्हावा. मात्र या प्रयोगाला प्रयोगशाळाही लागत नाही.

कोकणातल्या मुलांना पुलाचे महत्त्व सांगावे लागत नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि प्रवाशांसह एसटी गाड्या वाहून गेल्या. पावसाळ्यात वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला तर कित्येकांची शाळाच बुडते. दिवाळीनंतर ओढ्याचे पाणी उतरले की शिक्षकांनी मुलांना मोजपट्टी घेऊन त्याच साकवावर न्यावे आणि त्याचे चित्र मापांसह काढून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, रत्नागिरी