मिरवणुकीमागची वस्ती

सॅन फ्रान्सिस्कोच्या चेरी ब्लॉसम महोत्सवातील मिरवणुकीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. वर्णन देखणे असले, तरी हा केवळ वसंताच्या स्वागताचा सोहळा आहे, हा त्यातील सूर पटला नाही. यंदा एका जपानी-अमेरिकन मैत्रिणीबरोबर मी ती मिरवणूक दिवसभर पाहिली. तैको ढोल, किमोनो आणि अखेरीस साकेची (तांदळाच्या जपानी मद्याची) पिंपे रचून केलेला, आपल्या पालखीसारखा खांद्यांवरून निघणारा मिकोशी म्हणजे फिरता देव्हारा हे सारे तेथे आहेच (त्या गजरात पुण्याची आठवण न होणे कठीण). परंतु मिरवणूक ज्या जपानटाउनमध्ये, म्हणजे शहरातील जपानी वस्तीत, पोहोचते, त्याचा इतिहास लेखात एका ओळीनेही आलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले आणि त्यांतील जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. सॅन फ्रान्सिस्कोतील बहुसंख्य कुटुंबांना यूटा राज्यातील टोपाझच्या छावणीत धाडले गेले. मैत्रिणीचे आजी-आजोबा त्यांतलेच. युद्धानंतर परतून पुन्हा उभ्या केलेल्या या वस्तीतील अनेक घरे व दुकाने पुढे शहराच्या पुनर्विकासात पाडली गेली आणि त्याच पाडापाडीच्या काळात, १९६८ मध्ये, हा महोत्सव सुरू झाला. ज्या समाजाला एकदा रातोरात रस्त्यांवरून हटवले गेले, तो त्याच शहराच्या सिटी हॉलपासून वाजतगाजत आपल्या वस्तीत येतो, हे या मिरवणुकीचे खरे महत्त्व आहे. पुरवणीने या इतिहासावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया