किर्शनरचा तुटका हात

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं चित्र निवांत पाहिलं. जर्मन चित्रकार किर्शनरचं 'सैनिकाच्या वेशातलं आत्मचित्र', 1915 सालचं. तू विचारलंस, पहिल्या महायुद्धात याचा हात तुटला होता का? नाही रे, हात शाबूत होता. हा गडी लढाईवर गेलाच नाही. जर्मनीतल्या हॅले शहरात तोफखान्याच्या 75व्या रेजिमेंटमध्ये प्रशिक्षण चालू असतानाच तो मनाने खचला आणि त्याच वर्षी त्याला लष्करातून मोकळं केलं. खांद्यावरच्या पट्टीवर 75 आकडा आहे बघ, तो खरा. रक्ताळलेलं थोटूक मात्र त्याच्या मनातलं.

चित्रकाराचा उजवा हातच गेला, म्हणजे चित्र काढणं संपलं, अशी ती धास्ती. इथवर कुणीही सांगेल आणि ते बरोबरच आहे. पण सगळे त्या थोटकापाशीच अडकतात, ते मला पटत नाही. अंगठ्याने ते झाकून चित्र पुन्हा बघ. अस्वस्थपणा तसाच राहतो की नाही?

तो येतो डोळ्यांतून. बुबुळं नाहीतच. तिथे गणवेशाचाच गडद निळा रंग भरलाय, जणू अंगावर चढवलेला गणवेश आत शिरून कवटीपर्यंत पोचलाय. चेहरा पिवळट, लांबुडका, तासून काढल्यासारखा. 1905 मध्ये ड्रेस्डेनला किर्शनर आणि त्याच्या मित्रांनी 'डी ब्रुके' हा चित्रकारांचा गट काढला तेव्हापासून ते लाकडावर कोरून ठसे काढत. त्या कोरण्याची धार इथे कुंचल्यात उतरलीय. ओठांत सिगारेट आहे, पण ती ओढणारा माणूस तिथे आहे असं वाटत नाही. मागचा लाल रंग त्याला पुढे ढकलतो. रंग आणि रेषा एवढं बोलत असताना 'याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय' अशी यादी करत बसू नये, निदान पहिल्या दहा मिनिटांत तरी.

मागच्या नग्न स्त्रीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, संकोच वाटला की काय! काही जण तिच्यात त्याच्या पौरुषाचा पराभव वाचतात. मला ते ओढूनताणून वाटतं. स्टुडिओत मॉडेल असायचीच. तिथे विजोड आहे तो गणवेश. ती म्हणजे खोळंबलेलं काम, आणि हा तिच्याकडे पाहतही नाही. नाझींनी 1937 मध्ये 'अधःपतित कला' म्हणून चित्रांची बदनामी करणारं प्रदर्शन म्यूनिकला भरवलं, त्यात हे चित्र 'सैनिक आणि वेश्या' या नावाने टांगलं होतं. नाव बदललं की बघणाऱ्याची नजर कशी वळवता येते, त्याचा हा नमुनाच.

पुढच्याच वर्षी किर्शनरने दावोसजवळ स्वतःला संपवलं. ते वाचून लोक या चित्रात आत्महत्येच्या खुणा शोधतात. तू शोधू नकोस. मधे तेवीस वर्षं आहेत.

आता ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काने 1909 मध्ये रंगवलेलं टित्झे दांपत्याचं चित्र काढ. नवरा-बायको एकमेकांकडे पाहत नाहीत, पण हात बघ काय करतायत. तुझं मत आधी कळव, मग माझं लिहितो. नाहीतर नेहमीसारखा माझ्याच हो ला हो करशील.

तुझा,
अविनाश